संगीतकाराचं संग्रहालय उभारताना: आधी वह्या, मग काचेची कपाटं

प्रश्न असा आहे: कोल्हापुरात विद्यापीठाच्या आवारात एका दिवंगत संगीतकाराच्या जीवनकार्यावर संग्रहालय करायचं ठरलं आहे. घरच्यांकडून एक पायपेटी, दोन तंबोरे, चालींच्या ४५ वह्या, ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) सुमारे १५० तबकड्या, ३० स्पूल टेप, पत्रं आणि फोटो मिळणार आहेत. जागा तळमजल्यावरच्या दोन खोल्यांची आहे. सुरुवात कुठून करावी आणि कुठे चुकू शकतं?

उत्तर लांब आहे, कारण चुकण्याच्या जागा बऱ्याच आहेत. पहिली चूक बहुतेक ठिकाणी एकच होते. निधी मंजूर झाला की आधी सुताराला बोलावलं जातं, काचेची कपाटं, फोकस दिवे आणि अर्धपुतळा ठरतो आणि वह्या उघडायची पाळी शेवटी येते. शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे. लेखकाच्या संग्रहालयात पुस्तक काचेत ठेवलं तरी ते पुस्तकच राहतं, पाहणारा निदान नाव तरी वाचतो. संगीतकाराची वही काचेत गेली की ती मुकी होते. स्वरलेखन वाचता येणारा माणूस शंभरात एखादाच असतो. म्हणून इथे जपायची मुख्य वस्तू ‘चाल’ आहे. पेटी, चष्मा, टोपी, पदकं ही तिच्या आजूबाजूची मंडळी. हे समितीच्या पहिल्या बैठकीत लेखी ठरवून घ्या आणि पहिलं वर्ष यादी, नकला आणि ध्वनिमुद्रणांवर घालवा. माझ्या मते एकूण पैशांतला निदान एक तृतीयांश भाग याच कामासाठी राखून ठेवावा.

सामान घरातून उचलण्याआधी ते जिथे जसं आहे तिथेच त्याचे फोटो काढा. कुठल्या वहीशेजारी कुठली वही होती, ट्रंकेत काय खाली होतं, काय वर होतं, हा क्रमसुद्धा पुरावा असतो. मदतीला आलेले उत्साही विद्यार्थी सगळ्या वह्या एका आकाराच्या लावून ठेवतात आणि त्या क्षणी निम्मी माहिती जाते. घर शहराच्या सखल भागात असेल तर हे काम मे महिन्याच्या आत उरका. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

देणगीचा कागद त्याच दिवशी करा. ‘ठेव म्हणून दिलं’ आणि ‘कायमचं दिलं’ यांत पुढे जमीनअस्मानाचा फरक पडतो. कागदावर प्रत्येक वस्तू स्वतंत्र लिहा, सगळ्या वारसांच्या सह्या घ्या आणि वस्तूची मालकी आणि चालींचे हक्क या दोन गोष्टी वेगळ्या कलमांत ठेवा. वही दान केली म्हणून तिच्यातल्या चालींचे हक्क आपोआप विद्यापीठाकडे येत नाहीत. पेटीच्या पट्ट्यांवर हस्तिदंत आहे असा संशय आला तर स्वीकारण्याआधी वन विभागाला विचारा. हस्तिदंतावर वन्यजीव कायद्याचे कडक निर्बंध आहेत. दाखल नोंदवहीत क्रमांक वर्ष, देणगी, वस्तू असा त्रिस्तरीय ठेवावा. कागदावर तो मऊ पेन्सिलीनंच लिहायचा. पेटीवर किंवा तंबोऱ्यावर थेट लिहायचा नाही, कापडी फीत बांधून तिच्यावर लिहायचा.

आता वह्या. खरी संपत्ती इथे आहे, म्हणून इथे घाई नको. चालींच्या वहीत एकच पद तीन-चारदा येतं. पहिल्यांदा फक्त मुखडा असतो, मग ताल बदललेला असतो, मग अंतऱ्याची जागा खोडून वेगळी लिहिलेली असते. संगीतकार कसा विचार करत होता, हे फक्त या खाडाखोडीतच दिसतं. म्हणून ‘अंतिम’ पान निवडून बाकीची पानं दुय्यम ठरवू नका. वहीत अडकवलेल्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेला मुखडा, नाटक कंपनीचं हँडबिल, हे जिथे सापडलं तिथेच त्याची जागा नोंदवा, म्हणजे ‘वही १२, पान ३४ आणि ३५ मधली चिठ्ठी’ अशी.

स्वरलेखन वाचताना एक मोठा सापळा आहे. स्वरलेखनाच्या भातखंडे आणि पलुस्कर अशा दोन पद्धती आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू म्हणजे तार (वरचं) सप्तक आणि खाली बिंदू म्हणजे मंद्र (खालचं). पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्र दाखवतो आणि तार सप्तकासाठी उभी रेषा असते. भातखंडे पद्धतीत ‘म’वरची उभी रेषा तीव्र मध्यम, म्हणजे चढा ‘म’, सांगते. म्हणजे एकच खूण दोन वह्यांत दोन वेगळे अर्थ देते आणि वाचणारा चुकीच्या पद्धतीनं गेला तर चाल एका सप्तकानं हलते किंवा राग बदलतो. त्यात अनेक संगीतकार स्वतःची मिश्र पद्धत वापरत. कोमल स्वर नुसता छोटा लिहायचा, मात्रा टिंबांनी मोजायच्या, ठरलेल्या जागा, म्हणजे गाण्यातल्या खास हरकती, लिहायच्याच नाहीत, असं चालायचं. म्हणून प्रत्येक वहीसाठी खुणांची वेगळी किल्ली तयार करा. ती करायचा सोपा मार्ग म्हणजे ध्वनिमुद्रण उपलब्ध असलेलं एखादं पद वहीत शोधायचं आणि ऐकत ऐकत खुणा ताडून पाहायच्या. अशी तीन-चार पदं जुळली की ती वही उलगडते.

वहीवर तारीख नसली तरी काळ ठरवता येतो. मुखपृष्ठावर किंमत आण्यांत असेल तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधली. पत्राच्या मथळ्यावर संस्थानचा उल्लेख असेल तर ते बहुधा १ मार्च १९४९ पूर्वीचं, कारण त्या दिवशी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पिनकोड छापलेला असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. छापील मथळे आणि कोऱ्या वह्या वर्षानुवर्षं वापरल्या जातात, त्यामुळे ‘नये पैसे’ आणि पिनकोड या खुणा ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच खात्रीनं सांगतात, आणे आणि संस्थान यांवरून फक्त अंदाज बांधता येतो. शुद्धलेखनावरून काळ ठरवायला जाऊ नका. १९६२ च्या नियमांनंतरही जुनी माणसं अनुच्चारित अनुस्वार देतच राहिली.

४५ वह्यांची प्रत्येकी १०० पानं धरली तर ४,५०० प्रतिमा होतात. वरून फोटो घेणारा स्कॅनर वापरा. वही उलटी दाबावी लागणारा सपाट स्कॅनर शिवण मोडतो. ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), रंगीत, टिफ फाइल. ए-५ आकाराचं पान २३ एमबीच्या आसपास जातं, म्हणजे सगळ्या वह्या मिळून १०० जीबीच्या थोड्या वर. काळजीपूर्वक काम केलं तर तासाला ५०-६० पानं होतात. कृष्णधवल स्कॅन करू नका. निळी शाई, लाल पेन्सिल आणि शिसपेन्सिल यांतला फरक म्हणजे दुरुस्त्यांचा क्रम असतो. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही आणि लॅमिनेशन तर कधीच नाही, ते परत काढता येत नाही. जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीनं केलेली दुरुस्ती पाण्यानं सुटते, म्हणून ती चालते. फाउंटन पेनची शाई पाण्यात फुटते, तेव्हा अशा पानांवर ओल्या दुरुस्तीआधी कोपऱ्यात एका थेंबाची चाचणी करा.

७८ गतीच्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कुणीतरी सद्भावनेनं सर्जिकल स्पिरिटनं पुसायला घेतो आणि खाचाच पुसल्या जातात. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात एक-दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, पुन्हा स्वच्छ पाणी, आणि मधलं लेबल पूर्ण कोरडं, एवढंच करायचं. ठेवायच्या उभ्या, दर १०-१५ सेंटिमीटरवर आधार देऊन. आडव्या रचल्या तर खालच्या तडकतात. एक फुटाच्या रांगेचं वजन २० किलोपर्यंत जातं, म्हणून प्लायवुडची पातळ फळी वाकते. लोखंडी रॅक घ्या.

वाजवायला साधी एलपीची सुई चालत नाही. या खाचांना साधारण ७० मायक्रॉनची सुई लागते, एलपीच्या सुईच्या जवळजवळ तिप्पट. गतीबाबत सावध राहा. जुनी ध्वनिमुद्रणं सगळीच नेमकी ७८ वर झालेली नाहीत. ८० वर मुद्रित केलेली तबकडी ७८ वर वाजवली तर स्वर जवळजवळ ४४ सेंट उतरतो. सेंट म्हणजे पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग, तेव्हा हा फरक त्या अंतराच्या निम्म्याहून थोडाच कमी. मग ‘गायक काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) गात’ यासारखी चुकीची विधानं फलकांवर जातात. साथीच्या पेटीचा सूर मोजून गतीचा अंदाज बांधा आणि नोंदीत ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहा. लेबलवरचा क्रमांक आणि शेवटच्या खाचेजवळ कोरलेला मॅट्रिक्स (मूळ साच्याचा) क्रमांक दोन्ही टिपा. एकाच लेबल क्रमांकाखाली त्याच गाण्याचा वेगळा टेक, म्हणजे वेगळ्या वेळी गायलेलं मुद्रण, निघालेला असू शकतो. १९२५ नंतर विजेच्या मायक्रोफोननं मुद्रण सुरू झालं. त्याआधीच्या तबकडीत गायक भोंग्यात मोठ्यानं गायलेला असतो आणि साथ लांब ऐकू येते. तो दोष समजून आवाज ‘सुधारू’ नका.

स्पूल टेपची पाव इंची फीत आधी ओळखायची. रीळ उजेडासमोर धरलं आणि फितीच्या थरांतून उजेड आरपार दिसला तर ती ॲसिटेटची, गडद दिसली तर पॉलिएस्टरची. ॲसिटेटला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती आधी नकलायची, कारण ती खराब होत चालली आहे आणि बाकीच्या फितींनाही तो वास लागतो. १९७०-८० च्या दशकांतल्या काही फितींचा लेप चिकट होतो. वाजवताना चुंई आवाज येतो आणि यंत्राच्या हेडवर तपकिरी घाण साचते. असं झालं की लगेच थांबा. अशा फिती कमी तापमानावर बराच वेळ भाजून तात्पुरत्या सुधारतात, पण ते प्रयोगशाळेचं काम आहे, आणि ॲसिटेट भाजली तर ती संपलीच. सात इंची रीळ सेकंदाला साडेसात इंच गतीनं एका बाजूला साधारण ३२ मिनिटं चालतं. एका तासाच्या मुद्रणाला तयारी, नक्कल, नोंद धरून तीन तास लागतात. नक्कल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. दुहेरी वाहिनीचा (स्टिरिओ) तास सुमारे २ जीबीचा. मूळ नकलेवर आवाज-सफाई, घरघर काढणं काहीच करायचं नाही. ऐकवायची प्रत वेगळी करा आणि तिथे काय ते करा. विजेचं अर्थिंग नीट नसेल तर ५० हर्ट्झची गुणगुण सगळ्या नकलांत बसते, म्हणून आधी वायरमन, मग टेप. तीन प्रती, दोन प्रकारच्या साठवणीवर, एक प्रत दुसऱ्या गावात.

नभोवाणीची मुद्रणं ऐकताना एक संदर्भ ध्यानात ठेवा. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ या काळात पेटीला बंदी होती. म्हणून ज्या संगीतकारानं सगळ्या चाली पेटीवर बांधल्या, त्याच्या रेडिओवरच्या मुद्रणात सारंगी ऐकू येते. श्रोत्याला हे सांगितलं नाही तर तो संगीतकाराच्या आवडीबद्दल उलटा निष्कर्ष काढतो.

वह्यांतही नाही आणि टेपवरही नाही असा मोठा भाग माणसांकडे आहे. साथीदार, शिष्य, नाटकात काम केलेली मंडळी आता ऐंशीच्या घरात असतील. कपाटांच्या आधी त्यांची मुद्रणं करा. ‘त्यांच्या आठवणी सांगा’ असं विचारलं की तीच ती गुणगानं मिळतात. त्याऐवजी वहीतलं पान समोर ठेवा आणि ‘इथे अंतऱ्याला ते काय करायला सांगत?’ असं विचारा. माणूस गायला लागतो आणि वहीत न लिहिलेली जागा हाती येते. कोल्हापुरात देवल क्लब या जुन्या संगीत संस्थेच्या परंपरेत वाढलेले जाणकार आहेत, त्यांना या कामात घ्या.

पेटी आणि तंबोऱ्यांबाबत एकच नियम: दुरुस्तीचा मोह आवरा. पेटीतला पितळी सूर (आवाज काढणारी पितळेची जीभ) टोकाला घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही. आधी ट्यूनर लावून प्रत्येक सुराची सेंटमध्ये नोंद करा, सोबत खोलीचं तापमान लिहा. साडेतीन सप्तकांची दुहेरी सुरांची पेटी असेल तर हे ८४ आकडे होतात, एका दिवसाचं काम. तीच संगीतकाराची खरी स्वरपट्टी. मग प्रत्येक पट्टीचा आवाज मुद्रित करा. दालनात स्पर्शपट्टीवर लोकांना तो आवाज वाजवता येईल, आणि हात लावायला म्हणून साधी नवी पेटी बाजूला ठेवा. भात्याचं चामडं आणि आतली लोकर कसरीचं आवडतं खाद्य आहे, दर तीन महिन्यांनी उघडून बघा. तंबोऱ्याच्या तारा चार-पाच स्वर उतरवून ठेवा, पूर्ण सैल सोडल्या तर घोडी (तारा टेकतात तो तुकडा) हलते. जवारी (घोडी घासून साधलेला तारेचा झंकार) नव्यानं काढून घेऊ नका. घोडीवरची जुनी घासण हीसुद्धा त्या कलाकाराची निवड आहे. सल्ल्यासाठी लांब जायला नको, मिरज जवळ आहे. तिथल्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

तळमजल्याच्या खोल्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कोल्हापूरच्या जुलैत बाहेरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि ६५च्या वर बुरशी धरते. ऑफिसच्या वेळेत एसी चालू आणि रात्री बंद, हा प्रकार एसी नसण्यापेक्षा वाईट. रात्री गार वस्तूंवर दमट हवेचं पाणी बसतं. चोवीस तास चालवायची तयारी नसेल तर एसी दालनात ठेवा आणि साठवणीच्या खोलीत फक्त डिह्युमिडिफायर व पंखे ठेवा. ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर आकडा राहिला की पुरे. कपाटं भिंतीपासून आणि जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवा. वरच्या मजल्यावर त्या जागी स्वच्छतागृह नाही ना, हे पाहूनच खोली पक्की करा. डांबराच्या गोळ्या नकोत. मूळ वहीवर प्रकाश ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाचं माप) जास्त नको आणि एक पान तीन-चार महिन्यांपलीकडे उघडं नको. बाकी काळ प्रतिकृती ठेवा आणि तसं लिहा.

हक्कांचा हिशेब सोपा आहे, पण तीन वेगळे हिशेब करावे लागतात. चालीचे हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, शब्दांचे हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रणाचे प्रकाशनानंतर ६० वर्षं. मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, म्हणून ‘मानापमान’मधल्या त्यांच्या १९११ च्या चाली २०१५ अखेर मुक्त झाल्या. कोल्हापुरात जन्मलेले सुधीर फडके २००२ साली गेले. ‘गीतरामायण’च्या चाली २०६२ अखेरपर्यंत, तर माडगूळकर १९७७ साली गेल्यानं त्यातले शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. आणखी एक बारकावा असा की संगीतकाराच्या हयातीत अप्रकाशित राहिलेली चाल तुम्ही आता प्रथम छापली तर तिची ६० वर्षं त्या छपाईपासून धरली जातात. म्हणून वह्या सरसकट वेबसाइटवर टाकण्याआधी वारसांची लेखी परवानगी हवी. स्वतःकडे असलेल्या प्रतीची जतनासाठी डिजिटल नक्कल करण्याची सूट कायदा बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला देतो. म्हणून संग्रह विद्यापीठ ग्रंथालयाच्या नोंदीत आणावा आणि कायदा विभागाचं मत लेखी घ्यावं.

दालनात किती दाखवायचं? थोडं. पाच-सहा चाली निवडा आणि प्रत्येकीसाठी एक टेबल करा. वहीचं पान, त्याचं आजच्या स्वरलिपीतलं सुवाच्य रूप, साथीदाराचं मुद्रण, मग रंगभूमीवरचं किंवा तबकडीवरचं रूप. ऐकताना पानावर चालणारी खूण दिसली तर स्वरलेखन न येणाऱ्यालाही वही वाचता येते. स्पीकर लावू नका, दोन टेबलांचे आवाज एकमेकांत मिसळून दोन्ही वाया जातात. तारेचे हेडफोन घ्या, बिनतारी हेडफोनची बॅटरी नेमकी शाळेची सहल आली की संपते. माहितीफलक ६०-७० शब्दांचा, अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. चाल मूळ कुठल्या बंदिशीवर, लावणीवर किंवा कानडी पदावर बेतलेली असेल तर ते ठळकपणे लिहा. मराठी नाट्यपदांवर ‘चाल: अमुक’ असं छापायची पद्धत होती, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

बाहेरचं एक उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात स्टीफन फॉस्टर या एकोणिसाव्या शतकातल्या गीतकार-संगीतकाराचं स्मारक १९३७ मध्ये उभं राहिलं. जोसाया लिली नावाच्या उद्योजकानं स्वतः जमवलेला संग्रह विद्यापीठाला दिला आणि इमारतीत संग्रहाबरोबर नाट्यगृहही बांधलं गेलं. फॉस्टरची १८५१ ते १८६० मधली कच्च्या चालींची वही तिथे आहे. लिलीनं मूळ छापील गाण्यांच्या प्रतिकृती काढून ग्रंथालयांना वाटल्या होत्या, हेही घेण्यासारखं. दुसरीकडे हेन्री फोर्डनं १९३० च्या दशकात फॉस्टरचं जन्मघर समजून एक घर उचलून आपल्या संग्रहालयात नेलं आणि पुढे ते जन्मघर नाही असं निघालं. ‘याच पेटीवर अमुक चाल बांधली’ असा फलक लावण्याआधी पुरावा मागा. फॉस्टरची बरीच गाणी काळ्या लोकांची नक्कल करणाऱ्या खेळांसाठी लिहिलेली होती. त्याचा शहरातला पुतळा, ज्यात त्याच्या पायाशी बँजो वाजवणारा काळा माणूस बसवलेला होता, २०१८ मध्ये हलवावा लागला. आपल्याकडेही उस्तादांचं, साथीदारांचं, गायिकांचं श्रेय जिथे दडलं आहे तिथे ते उघड लिहावं लागेल.

राहिला कारभार. संग्रहालय एका प्राध्यापकाच्या उत्साहावर सोडू नका, त्यांची निवृत्ती झाली की कुलूप लागतं. संगीत विभाग आणि ग्रंथालय यांची संयुक्त जबाबदारी लेखी ठरवा, एक पूर्णवेळ अभिरक्षक आणि स्वरलेखन वाचणारा एक साहाय्यक ही दोन पदं मंजूर करून घ्या आणि देखभालीसाठी कायम ठेव बँकेत वेगळी ठेवा. सुट्टी सोमवारी घ्या आणि रविवारी उघडं ठेवा, कारण आठवडाभर नोकरी करणारे आणि बाहेरगावाहून येणारे रसिक रविवारीच येणार. अभ्यासकांसाठी साठवणीच्या खोलीत एक टेबल, एक हेडफोन आणि एक पेन्सिल ठेवा. शाईचं पेन आत नेऊ द्यायचं नाही.